पुढचं स्टेशन कोणतं? : शंकर आबाजी भिसे आणि पडद्यावरच्या दोन ओळी



आज एका मराठी संशोधकाचं चरित्र सांगायचं आहे. पण सुरुवात आमच्या संगणक कक्षापासून करते, कारण मला त्यांची आठवण तिथेच झाली.

आमची शाळा पुण्यातली, पेठेतली. संगणक जुने आहेत, म्हणून त्यांच्यावर लिनक्स घातलेलं आहे. मागच्या जुलैत आठवीच्या मुलांना टर्मिनल दाखवत होते. टर्मिनल म्हणजे माउसला हात न लावता, नुसत्या आज्ञा टाइप करून काम करायची ती काळी खिडकी. एका मुलीने तिच्या फाइलसाठी व्हीआय नावाचा एडिटर उघडला. एडिटर म्हणजे मजकूर लिहायचा आणि दुरुस्त करायचा प्रोग्राम, एवढंच. ती स्वतःचं नाव टाइप करू लागली तर अर्धीच अक्षरं उमटली. दुसरी कळ दाबली तर एक आख्खी ओळ गायब. बाहेर पडायचं कसं, हे पडद्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. दहा मिनिटं खटपट करून तिने शेवटी संगणकाचं बटणच दाबून ठेवलं आणि तो बंद पाडला. तास संपल्यावर माझ्याकडे येऊन हळूच सांगून गेली की तिला काही संगणक जमायचा नाही, तिला दुसरा विषय द्यावा.

हे ऐकून मला रात्री नीट झोप लागली नाही. गणितात हुशार मुलगी आहे हो ती.

पुढच्या तासाला मी सगळ्यांना नॅनो नावाचा दुसरा एडिटर उघडायला लावला. तोही टर्मिनलमध्येच चालतो, तोही काळाच. फरक एवढाच की पडद्याच्या तळाशी दोन ओळी कायम दिसत राहतात. मदतीसाठी ही कळ, जतन करायला ही, शोधायला ही, ओळ कापायला ही, बाहेर पडायला ही. त्याच मुलीने त्याच तासात पाच ओळी लिहिल्या, जतन केल्या आणि ऐटीत बाहेर पडली. आठवड्यात मुलगी काही बदलली नव्हती, बदललं होतं ते तिच्या हातातलं साधन. आणि मला आठवले शंकर आबाजी भिसे.

भिसे यांचं नाव आपल्याकडच्या निबंधांत हिंदी एडिसन म्हणून येतं. दोनशेच्या आसपास शोध, चाळीसच्या आसपास पेटंटं, असा आकडा देऊन परिच्छेद संपतो. मला हा एडिसनचा शिक्का फारसा आवडत नाही. त्याने माणूस मोठा वाटतो खरा, पण त्याने नेमकं काय केलं ते झाकलं जातं. तेव्हा आकडे बाजूला ठेवू आणि त्यांनी कोणत्या अडचणींवर हात घातला ते बघू.

त्यांचा जन्म मुंबईत २९ एप्रिल १८६७ ला झाला. गंमत बघा, त्याच महिन्यात, १२ एप्रिलला, विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली होती. म्हणजे हे मूल आणि मुंबईची लोकल जवळजवळ एकाच वयाची. हे पुढे उपयोगी पडणार आहे, लक्षात ठेवा.

चौदाव्या वर्षी शंकरने घरच्या घरी दगडी कोळशापासून गॅस तयार करायचं उपकरण बनवलं. सोळाव्या वर्षी त्याने ठरवून टाकलं होतं की आपण इंग्लंडला नाहीतर अमेरिकेला जायचं आणि संशोधकच व्हायचं. यंत्रशास्त्राचं कॉलेज त्याच्या वाट्याला आलं नाही. सायंटिफिक अमेरिकन नावाच्या मासिकाचे अंक वाचून, त्यातली चित्रं न्याहाळून तो यंत्रं शिकला, आणि हे ऋण त्यांनी पुढे मोठेपणीही मान्य केलं. विशीत त्यांनी मुंबईत विज्ञानाची आवड असणाऱ्यांचं एक मंडळ काढलं. याच काळात दृष्टिभ्रमाचे प्रयोग बसवले. एक घन वस्तू प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत दुसरी होते, असे ते खेळ. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्येही ते झाले आणि त्यांना सुवर्णपदक मिळालं.

मला हे दृष्टिभ्रमाचं प्रकरण फार महत्त्वाचं वाटतं. जादूगाराला एक गोष्ट पक्की कळलेली असते : समोरच्या माणसाला काय दिसतं आणि काय दिसत नाही. हा तरुण यंत्रांकडे वळला तेव्हा ही नजर घेऊनच वळला असणार, असं माझं मत आहे.

मुंबईत असताना त्यांनी ज्या गोष्टींवर डोकं चालवलं त्यांची यादी वाचताना हसू येतं. सहज उघडून पुन्हा बंद करता येणार नाही अशी बाटली, सायकलला जोडायची विजेची उपकरणं, आणि मुंबईच्या उपनगरी गाड्यांसाठी स्टेशनदर्शक. डब्यात बसलेल्या माणसाला स्टेशनाचं नाव दाखवणारं यंत्र.

जरा तो काळ डोळ्यांसमोर आणा. वाफेची गाडी, रात्रीची वेळ, फलाटावर मिणमिणता दिवा. खिडकीतून डोकं बाहेर काढून पाटी वाचायची. पाटी मागे गेली तर शेजाऱ्याला विचारायचं, शेजारी झोपला असेल तर देवाचं नाव. रोज जाणाऱ्याला यातलं काही नडत नाही. त्याला वळणावरच्या खडखडाटावरूनही कळतं की आता आपलं स्टेशन येणार. नडतं ते पहिल्यांदा आलेल्याला, आजारी माणसाला घेऊन निघालेल्याला, गावाहून मुलाकडे आलेल्या म्हातारीला. तो माणूस अडाणी म्हणून चुकत नाही. गाडीला जे माहीत आहे ते गाडी त्याला सांगत नाही, म्हणून चुकतो. भिसे यांनी अडचण इथे धरली. प्रवाशाने सगळी स्टेशनं पाठ करावीत, असं म्हणून ते गप्प बसले नाहीत.

आज लोकलच्या डब्यात पुढच्या स्टेशनाचं नाव तीन भाषांत फिरत असतं आणि वर आवाजही येतो. ते यंत्र भिसे यांचं नव्हे. पण मागच्या सहलीत पुण्याची मुलं दादरला न चुकता उतरली ती त्या पाटीकडे बघूनच, आणि त्यांच्याबरोबर आम्ही तिघी शिक्षिकाही!

आता पुन्हा आपल्या काळ्या खिडकीकडे येऊ. एडिटर उघडल्यावर मुलाला दोनच गोष्टी कळायला हव्या असतात : मी आत्ता कुठे आहे आणि इथून काय करता येईल. व्हीआय यातलं काहीच आपणहून सांगत नाही. त्यात एकच कळ कधी अक्षर लिहिते तर कधी ओळ पुसते, कारण त्याच्या दोन अवस्था आहेत. आत्ता कोणती चालू आहे हे नवख्याला उमगत नाही. यात बनवणाऱ्याला दोष देण्याआधी थोडा इतिहास सांगायला हवा. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात बिल जॉय या विद्यार्थ्याने १९७६ च्या सुमारास व्हीआय लिहिला. त्या वेळी पडदा दूरच्या संगणकाला मंद गतीच्या तारेने जोडलेला असे, आणि पडद्यावर एकेक अक्षर यायला वेळ लागे. तळाशी सूचनांच्या दोन ओळी ठेवणं म्हणजे चैन होती. शिवाय तो ज्या एडीएम-३ए यंत्रावर काम करत होता त्याच्या एच, जे, के, एल या चार कळांवर बाणांची चित्रं छापलेलीच होती. म्हणजे सूचना होती, फक्त पडद्यावर नव्हती, कळफलकावर होती. पुढे कळफलक बदलले, त्या अक्षरांवरचे बाण गेले, पण व्हीआयमध्ये इकडेतिकडे फिरायला तीच चार अक्षरं राहिली. आज माझ्या विद्यार्थिनीपुढे तो एडिटर येतो तो पाटी पडून गेलेल्या फलाटासारखा.

भिसे यांच्या आयुष्यातली मोठी संधी १८९० च्या दशकाच्या अखेरीला आली. लंडनच्या एका शोधविषयक नियतकालिकाने स्पर्धा ठेवली होती. साखर, पीठ असा सुटा किराणा आपोआप तोलून देणारं यंत्र हवं होतं. मुंबईत बसून भिसे यांनी त्याचा आराखडा केला, पाठवला आणि तिकडच्या भल्याभल्यांना मागे टाकून स्पर्धा जिंकली. मुंबईत कौतुक झालं. काँग्रेसचे दिनशा वाच्छा यांनी दादाभाई नौरोजींच्या नावे पत्र दिलं आणि ते पत्र घेऊन भिसे लंडनला पोहोचले.

लंडनमध्ये त्यांनी काय काय केलं हे सांगत बसलं तर लेख संपायचा नाही. स्वयंपाकघरातली उपकरणं, टेलिफोन, आपोआप पाणी सोडणारं शौचकूप, डोकेदुखीवरचं एक साधन. यातलं एकच इथे घेते. व्हर्टोस्कोप नावाचं विजेवर चालणारं जाहिरातींचं यंत्र त्यांनी बनवलं आणि ते तिथल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये झळकलं. पुन्हा तेच बघा : बघणाऱ्याच्या समोर, योग्य वेळी, वाचता येईल असा मजकूर आणून ठेवायचा. स्टेशनदर्शक आणि हा जाहिरातफलक माझ्या मते सख्खी भावंडं आहेत.

पण ज्या यंत्रापायी त्यांनी उमेदीची वर्षं घातली ते वेगळंच होतं. छापखान्यातले खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, ओतायचं यंत्र. शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा वितळलेला रस साच्यात ओतायचा, गार होऊ द्यायचा, खिळा बाहेर काढायचा, की पुन्हा तेच. साचा तापला की काम थांबतं, म्हणून वेग वाढत नाही. तिकडच्या मुरलेल्या कारागिरांना यापेक्षा फार वेगाने खिळे पडू शकतील हे खरंच वाटत नव्हतं. भिसे यांनी मिनिटाला बाराशेच्या आसपास खिळे पाडणारं यंत्र करून दाखवलं. ते भिसोटाइप या नावाने ओळखलं गेलं.

यंत्र झालं, पैसा कुठे होता? समाजवादी पुढारी हिंडमन यांनी भांडवल उभं करायचा प्रयत्न केला, पण ते जमलं नाही. दादाभाई थकत चालले होते. १९०८ च्या अखेरीस भिसे हताश होऊन मायदेशी निघाले. आणि त्याच बोटीवर त्यांना भेटले आपल्या पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले.

इथे एक गोष्ट शिक्षक म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही. दादाभाई हे एल्फिन्स्टन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. गोखले फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे, त्यांचं अंकगणिताचं पुस्तक शाळाशाळांत चालायचं. या संशोधकाला अडल्या वेळी हात दिला तो दोन गणिताच्या मास्तरांनी! गोखल्यांनी भिसे यांची गाठ रतन टाटांशी घालून दिली. हे रतन टाटा म्हणजे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, गोखल्यांच्या भारत सेवक समाजालाही मदत करणारे. अलीकडच्या रतन टाटांशी मुलं गल्लत करतात, म्हणून मुद्दाम सांगते. १९१० मध्ये टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट उभं राहिलं आणि भिसे पुन्हा लंडनला गेले.

एवढं होऊनही यंत्र बाजारात रुजलं नाही. महायुद्ध आलं, पैशाचा ओघ आटला, १९१५ च्या सुमारास टाटांची मदत थांबली. १९१६ मध्ये भिसे अमेरिकेला गेले, न्यूयॉर्कमध्ये राहिले, आणि १९२० च्या सुमारास खिळे पाडायच्या यंत्रासाठी तिथे कंपनीही निघाली. पण पुढे त्यांना पैसा मिळाला तो भलत्याच गोष्टीतून, ॲटोमिडीन नावाच्या आयोडीनयुक्त औषधातून. आयुष्याच्या उत्तरार्धात ते अध्यात्माकडे वळले आणि परलोकाशी बोलायचा एक टाइपरायटरही त्यांनी बनवला. हसू नका! त्या काळी तिकडे भलेभले या नादाला लागले होते. खुद्द एडिसनशीही त्यांची भेट झाली. ७ एप्रिल १९३५ ला न्यूयॉर्कमध्येच त्यांचं निधन झालं.

आता एका सहकाऱ्यांचा आक्षेप. आमच्याकडचे हे सर जुन्या पद्धतीचे, टायपिंग उत्तम, कळफलकाकडे न बघता. त्यांचं म्हणणं असं की पडद्यावर सारखं लिहून ठेवलं की मुलं आळशी होतात, पाठ करत नाहीत. यावर मी बराच विचार केला. त्यांचं अगदीच चुकीचं नाही. सराईत माणसाला त्या दोन ओळी अडचणच करतात, जागा खातात. पण त्याचीही सोय जुनीच आहे. १९७८ मध्ये आलेल्या वर्डस्टार या प्रोग्राममध्ये पडद्याच्या वरच्या भागात आज्ञांची यादी असायची, आणि हात बसला की मदतीची पातळी एकेक पायरी कमी करता यायची. नॅनोमध्येही ऑल्ट दाबून एक्स दाबलं की तळाच्या दोन ओळी नाहीशा होतात, पुन्हा दाबलं की परत येतात. रोजचा प्रवासी स्टेशनदर्शकाकडे बघत नाही. त्याच्यामुळे त्याची स्मरणशक्ती काही गेलेली नाही. उलट नावं रोज डोळ्यांखालून गेली म्हणूनच ती पाठ झाली. आमच्या मुलांनाही सहा आठवड्यांत जतन करायची आणि बाहेर पडायची कळ तोंडपाठ झाली, मी एकदाही घोकून न घेता.

मात्र सूचना दिली म्हणजे ती कळलीच असं नाही, हेही त्याच तासांत दिसलं. नॅनोच्या तळाशी इंग्रजी एक्सच्या आधी एक छोटं टोपीसारखं चिन्ह असतं. त्याचा अर्थ कंट्रोलची कळ दाबून धरा. आमच्या चार मुलांनी काय केलं असेल? शिफ्ट आणि सहा दाबून ते टोपीचं चिन्ह टाइप केलं आणि मग एक्स! मजकुरात दोन फालतू अक्षरं आली आणि एडिटर जागचा हलला नाही. दुसरी अडचण, जतन करण्यासाठी तिथे सेव्ह हा ओळखीचा शब्दच नाही, राइट आउट असं लिहिलेलं असतं. मुलं सेव्ह शोधत बसली. म्हणजे पाटी होती, पण गावाला लोक ज्या नावाने ओळखतात ते नाव पाटीवर नव्हतं. नॅनो हा १९९९ मध्ये क्रिस अलेग्रेटा यांनी लिहिला, तो वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पिको या एडिटरच्या वळणावर. शब्दही तिथूनच चालत आले. ज्यांचा हात पिकोवर बसला होता त्यांची सोय झाली, आठवीतल्या मुलांची राहिली.

यावर आम्ही जो उपाय केला तो अगदी घरगुती आहे. प्रत्येक पडद्याच्या खालच्या चौकटीवर कागदाची पट्टी चिकटवली : टोपी म्हणजे कंट्रोल दाबून धरा, ओ म्हणजे जतन करा, डब्ल्यू म्हणजे शोधा, के म्हणजे ओळ कापा, एक्स म्हणजे बाहेर पडा. पट्टी त्याच मुलीने लिहिली, तिच्या वळणदार अक्षरात. व्हीआयसाठीही एक केली : आधी एस्केप, मग विसर्गासारखी दोन टिंबं, मग क्यू आणि उद्गारचिन्ह, मग एंटर. त्याखाली तिने स्वतःहून लिहिलं की असं केलं तर जतन न केलेलं सगळं जाईल. ही सूचना द्यायचं मलाही सुचलं नव्हतं.

तुम्ही तुमच्या शाळेत हा पाठ घेणार असाल तर एक करून बघा. भिसे यांचं चरित्र आधी सांगा, पण स्टेशनदर्शकापाशी थांबा आणि मुलांना विचारा की आपल्या शाळेत, घरात, बसमध्ये अशी कोणती वस्तू आहे जिला माहीत असतं पण ती सांगत नाही. आमच्या वर्गात उत्तरं धडाधड आली. कोणता दिवा लागेल हे न सांगणारी बटणांची फळी. पाणी भरलं तरी गप्प राहणारी गच्चीवरची टाकी. फलकावर काल संध्याकाळचाच मार्ग दाखवणारी बस. एकाने तर प्रगतिपुस्तकच सांगितलं : त्यात गुण कळतात, पण पुढे काय करायचं ते नाही. त्यावर मी काही बोलले नाही.

भिसे यांचा वाढदिवस २९ एप्रिलला येतो, म्हणजे नेमका निकालांच्या गडबडीत, नाहीतर सुट्टीत. त्यामुळे शाळांमध्ये तो कधी साजरा होत नाही. आम्ही तो यंदा जुलैत, संगणक कक्षाच्या पहिल्या तासाला घेतला. नव्या आठवीच्या मुलांना पट्ट्या दाखवायला नववीतली ती मुलगी आली होती.